जागेवर मिटलेले अपघात

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी सहा-साडेसहाला थांबलात, तर आज ना उद्या हे बघायला मिळतं. आतल्या गल्लीतून एक मोपेड येते, आडव्या रस्त्यानं एक मोटारसायकल. दोघांनाही कोपऱ्यावर माल उतरवत उभा असलेला टेम्पो दिसतो, एकमेकं मात्र दिसत नाहीत. धडक बसते. मोपेडचा आरसा निखळतो, इंडिकेटरचा चुरा होतो, मागं बसलेल्या बाईंचं कोपर खरचटतं. दहा माणसं जमतात. "लागलंय काय वो?" "बघून येत जावा की!" "हॉर्न दिला न्हवं मी!" मग समोरच्या दुकानातला एखादा वयस्क माणूस पायऱ्या उतरतो आणि निकाल देतो, "मिटवा जागेवर. पोलिसात जाऊन काय मिळणाराय?" तीनशे-पाचशे रुपये हातात पडतात, तुटका आरसा डिकीत जातो, पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

हा अपघात कुठल्याच कागदावर उमटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कुणी जखमी झालं, तर चालकानं चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायला हवं. कायदा आहे, खरचटलेल्या कोपरासाठी तो कुणी पाळत नाही, आणि यात कोल्हापूरकर वेगळे आहेत अशातला भाग नाही. फिर्याद, पंचनामा, गाडी जमा, तारखा हे सगळं डोळ्यांपुढं आलं की शहाणी माणसं मिटवून टाकतात. पोलिसांच्या वहीत जातो तो उरलेला भाग: कुणी दगावलं, हाड मोडलं, दवाखान्यानं कळवलं, किंवा विम्याच्या क्लेमसाठी कागद लागला म्हणून. शहरातले अपघात वाढले की घटले, यावर वर्षाअखेरीस जे आकडे छापून येतात ते या गाळणीतून खाली उतरलेले असतात.

गाळणीची भोकं बदलली तर काय होतं, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांत २०१५ साली राज्यात ६३,८०५ अपघातांची नोंद आहे. २०१६ साली ती एकदम ३९,८७८ वर आली. एका वर्षात चोवीस हजार अपघात कमी! रस्ते तेच, माणसं तीच, गाड्या तर वाढलेल्या. मग मृत्यूंचा रकाना बघितला की चमत्कार विरतो: २०१५ मध्ये १३,२१२ आणि २०१६ मध्ये १२,९३५. म्हणजे जवळजवळ तेवढेच. घट झाली ती मुख्यतः मुंबईच्या आकड्यांत. तिथं अपघातांची संख्या सुमारे तेवीस हजारांवरून साडेतीन हजारांच्या खाली आली आणि मृत्यू मात्र साडेपाचशे-सहाशेच्या घरातच राहिले. किरकोळ अपघात मोजायचे की नाही याचा हिशेब बदलला, एवढाच त्याचा अर्थ लागतो. रस्त्यावरचं काही बदललं नव्हतं.

म्हणून जाणकार अपघातांच्या संख्येकडं फारसं बघत नाहीत, मृत्यूंकडं बघतात. मृत्यू जागेवर मिटवता येत नाही. त्या रकान्यातलं चित्र उदास आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात नोंदलेले अपघात ३३,३८३, म्हणजे २०१५ च्या जवळपास निम्मे. पण माणसं गेली १५,२२४. देशभरात त्या वर्षी १,६८,४९१ आणि २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांहून जास्त. आणि मृत्यूंचा रकानाही पूर्ण भरवशाचा आहे असं समजू नये. २०१६ साली भारतानं सुमारे दीड लाख मृत्यू नोंदवले, जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज जवळजवळ तीन लाखांचा होता. अंदाज म्हणजे मोजणी नव्हे, हे खरं. तरी आठ-दहा दिवसांनी दवाखान्यात प्राण सोडलेला माणूस अपघाताच्या मूळ कागदाला प्रत्येक वेळी जोडला जातोच असं नाही, हे कुठल्याही सरकारी दवाखान्यात काम केलेला माणूस सांगेल.

नोंद सुधारावी म्हणून २०२१ पासून एक नवी व्यवस्था आली. आयआयटी मद्रासनं घडवलेली आणि एनआयसीनं राबवलेली, 'आयरॅड' नावाची. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस अंमलदार घटनास्थळी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश, फोटो, रस्त्याचा प्रकार, उजेड, हवामान भरतो आणि तीच नोंद पुढं आरटीओ, रस्ते खातं आणि दवाखान्याकडं जाते. पूर्वीच्या पंचनाम्यात 'अमुक दुकानासमोर, रस्त्याच्या मधोमध' असं लिहिलेलं असायचं. दुकान बदललं की जागा हरवली. आता ती नकाशावर टिकते, हा मोठाच फायदा आहे. पण जे पोलिसांपर्यंत पोचतच नाही, ते मोबाइलमध्येही येत नाही.

एका पेठेपुरतं बघायचं तर आणखी एक अडचण आहे आणि ती निव्वळ गणिताची आहे. राज्याचे पंधरा हजार मृत्यू हा आकडा इतका मोठा आहे, की तो दोन-चार टक्क्यांनी हलला तरी त्यात काही अर्थ शोधता येतो. एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत हे जमत नाही. समजा, एखाद्या हद्दीत वर्षाला सरासरी चार मृत्यू होतात. काहीही न बदलता, केवळ योगायोगानं, एखाद्या वर्षी एक होईल आणि एखाद्या वर्षी सात. शंभरातल्या त्र्याण्णव वर्षी आकडा एक ते सातच्या दरम्यान कुठंही पडू शकतो. सात झाले की बैठक भरते, सिग्नल बसतो, दंडाची मोहीम निघते. पुढच्या वर्षी तीन होतात आणि मोहिमेचा सत्कार होतो. काहीही केलं नसतं तरी सातनंतर बहुधा तीन-चारच झाले असते. उलटही घडतं. चांगलं काम केलेल्या वर्षी नेमके पाच होतात आणि काम करणाऱ्याला नोटीस मिळते. छोट्या गावातला अपघातांचा वाढता किंवा घटता 'कल' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं हे असं असतं.

सरकारी 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्याही इथं उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणांतिक अपघात झाले, किंवा दहा माणसं दगावली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट. महामार्गासाठी हे ठीक आहे. पेठेतल्या चौकानं ही परीक्षा पास व्हायची म्हणजे किती बळी द्यायचे?

तेव्हा आकडे जरा बाजूला ठेवू आणि पेठच बघू.

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि त्यानंतर चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनच्या लगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. जुनं कोल्हापूर अंबाबाईच्या देवळाभोवती वाढत गेलं, वाकड्यातिकड्या बोळांचं. शाहूपुरी आखून वसवलेली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली अशी सरळ रांगेत आणि त्यांना छेदणारे आडवे रस्ते. गुळाच्या गाड्या याव्यात, वळाव्यात, स्टेशनावर माल जावा, अशी सोय. बैलगाडीच्या काळात याहून चांगली रचना मागता आली नसती. आज त्याच गल्ल्यांत यंत्रसामग्री, हार्डवेअर, बियाणं, पाइप यांची दुकानं, वर लॉज, खाली बँका. एका बाजूला रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक हाकेच्या अंतरावर. आणि गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीत मूर्ती न्यायला आलेल्या ट्रॅक्टरांची रांग.

सरळ आखणीला एक किंमत आहे. दोन सरळ रस्ते एकमेकांना छेदतात तिथं चार तोंडांचा चौक तयार होतो. वाहतूक अभियंते अशा चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना किती ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात हे मोजतात. चार तोंडांच्या साध्या चौकात ती संख्या बत्तीस येते. तीन तोंडांच्या तिकाटण्यावर फक्त नऊ. नीट आखलेल्या गोल चौकात, जिथं सगळ्यांना एकाच दिशेनं फिरावं लागतं, आठ. शाहूपुरीत असे चौक पावलोपावली आहेत आणि बहुतेकांवर ना सिग्नल, ना हवालदार. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. लायसन्सच्या परीक्षेत तो विचारतात. रस्त्यावर ज्याचा हॉर्न मोठा तो आधी जातो.

आता कोपरा जवळून बघू. मोपेडवर बसलेल्या माणसाचे डोळे पुढच्या चाकाच्या टोकापासून साधारण एक मीटर मागं असतात. मोटारीत बसलेल्याचे दोन मीटरहून जास्त. कोपऱ्यापर्यंत गाड्या लावलेल्या असतील, तर आडव्या रस्त्यावर काय येतंय हे बघण्यासाठी मोटारवाल्याला दोन मीटर बोनेट आधी रस्त्यात घालावं लागतं आणि मग बघावं लागतं. त्याचा इलाज नसतो. आडव्या रस्त्यानं येणाऱ्याला हे बोनेट दिसतं पाच-सहा मीटरवरून. ताशी २० किलोमीटर वेगाला माणूस एका सेकंदात साडेपाच मीटर पुढं गेलेला असतो. धोका दिसणं, मेंदूनं तो ओळखणं आणि हात ब्रेकवर पडणं याला साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दोन-सव्वादोन मीटर. एकूण आठ मीटर. म्हणजे ज्याला आपण 'हळूच चाललो होतो' म्हणतो, त्या वीसच्या वेगालाही पाच मीटरवरचं बोनेट चुकवता येत नाही. तिथं सुरक्षित वेग आहे पंधराच्या आत, सायकलचा.

इथं कुणाचा दोष? "बघून येत जावा की" म्हणणारा मोटारसायकलवाला खोटं बोलत नाही आणि हॉर्न दिला म्हणणारी मोपेडवालीही नाही. दोघांनी बघितलं, पण बघण्यासारखं काही तिथं नव्हतंच, टेम्पो होता. कोपऱ्यापासून सात-आठ मीटरपर्यंत काही उभं राहू दिलं नाही, तर दृष्टीचा टप्पा दुपटीनं वाढतो आणि तीच दोन माणसं, तेवढ्याच बेफिकिरीनं गाडी चालवत, एकमेकांना बघून थांबतात. चौकाच्या तोंडाशी गाडी उभी करू नये हे वाहतुकीच्या नियमांत कधीपासून लिहिलेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या समोर, नदीपलीकडं होबोकेन नावाचं दाट वस्तीचं, साठ हजार लोकसंख्येचं जुनं गाव आहे. तेही आपल्या पेठेसारखंच सरळ गल्ल्यांचं. तिथल्या नगरपालिकेनं कोपरे मोकळे करण्याचा सपाटा लावला, वेगमर्यादा खाली आणली, पादचाऱ्यांसाठी फूटपाथाची टोकं रस्त्यात पुढं आणली. २०१७ च्या सुरुवातीपासून पुढं सलग सात वर्षं तिथल्या रस्त्यांवर वाहनअपघातात एकही माणूस दगावला नाही. मोकळा केलेला कोपरा पुन्हा कुणी अडवू नये म्हणून तिथं सायकलींचे स्टँड आणि झाडांच्या कुंड्या बसवल्या. आपल्याकडं मोकळा कोपरा म्हणजे वडापावच्या गाड्याला दिलेलं आमंत्रण, हे लक्षात घेता ती कुंडी फार महत्त्वाची.

गल्लीतून बाहेर पडून स्टेशन रोडला किंवा कावळा नाक्याच्या बाजूला आलं की अपघाताची जात बदलते. गल्लीत आरसा फुटतो, इथं माणूस जातो. कारण वेग. रस्ता तोच ठेवून फक्त वेग बदलला तर काय होतं बघा. तेरा-साडेतेरा मीटरवर अचानक एखादं पोर रस्त्यात आलं. ताशी ३० नं येणारी मोटार त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. ताशी ५० नं येणाऱ्या मोटारीनं त्या अंतरात अजून ब्रेकच लावलेला नसतो. पहिल्या सेकंदातच ती चौदा मीटर पुढं गेलेली असते. ती त्या पोराला पूर्ण पन्नासच्या वेगानं धडकते. आणि पन्नासचा धक्का तीसच्या दीडपट-पावणेदोनपट नसतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीनपट असते. तीसच्या आतली धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो, पन्नासच्या पुढं त्याची आशा झपाट्यानं कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं, की सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर प्राणांतिक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. उलट्या बाजूनं वाचलं तर रस्त्याचा सरासरी वेग चाळीसवरून अडतीसवर आणला तरी मृत्यू सुमारे पाचव्या हिश्शानं घटतात. दोन किलोमीटरनं कुणाचं दुकान बंद पडत नाही आणि कुणाची गाडीही चुकत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेनं ठराव केला, की जिथं चालणारी माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथं कमाल वेग ताशी ३० असावा. आपल्याकडं काय आहे? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० आणि दुचाकीची ६०. हे वाचून माझा आधी विश्वास बसला नव्हता. याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार स्थानिक यंत्रणेला आहे, पण तो वापरून फलक लावेपर्यंत कागदावर सत्तरच चालतात. बसस्थानकासमोर बोचकं डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजीच्या अंगावरून कुणी पासष्टनं गेला, तर निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल. वेगाचा लागेलच असं नाही.

पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या पूर्वेकडून जातो. तावडे हॉटेलपाशी तो सोडला की काही मिनिटांत माणूस कावळा नाक्याला, ताराराणींच्या पुतळ्यापाशी येतो आणि तिथून शाहूपुरीच्या तोंडाशी. तासभर नव्वदच्या वेगानं चालवलेल्या माणसाला साठचा वेग रांगल्यासारखा वाटतो. हा दोष स्वभावाचा नाही, नजरेचा आहे. सतत वेगात राहिल्यावर मेंदू वेग कमीच मोजतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. म्हणून महामार्ग जिथं शहरात शिरतो तिथं नुसता फलक पुरत नाही. रस्ता अरुंद व्हावा लागतो, दुभाजकावर झाडं यावी लागतात, एखादा गोल चौक आडवा यावा लागतो. आता आपण गावात आलो, हे डोळ्यांना पटावं लागतं. आपल्याकडं शहराचं प्रवेशद्वार रुंद आणि गुळगुळीत करण्याला विकास म्हणतात.

रुंद रस्त्याच्या चौकात काय होऊ शकतं ते ३ जून २०२४ ला कोल्हापूरच्याच सायबर चौकात सगळ्यांनी बघितलं. भर दुपारी एक मोटार वेगानं चौकात शिरली आणि दुचाक्यांना उडवत गेली. चालकासह किमान तिघांचा जीव गेला. कॅमेऱ्यातलं दृश्य घरोघरी मोबाइलवर फिरलं. चालक वयस्क होते. त्यांना त्या क्षणी काय झालं असेल यावर शहरभर चर्चा झाली, आणि चौकाच्या आखणीवर त्याच्या एक दशांशही झाली नाही. माणसाला कधी भोवळ येणार, कधी डुलकी लागणार, कधी पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडणार. स्वीडननं १९९७ मध्ये जे धोरण स्वीकारलं त्याचा पायाच हा आहे, की माणूस चुकणारच असं धरून रस्ता बांधायचा आणि चुकीची शिक्षा मरण होऊ द्यायची नाही.

तसा न बांधलेला रस्ता काय करतो याचं उदाहरण शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याच्या कुटुंबांची मिनीबस शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून पंचगंगेत पडली. तेरा जण गेले. पूल एकोणिसाव्या शतकातला. बैलगाडी किंवा घोडागाडी अडवायला तो कठडा भक्कमच होता. वेगात येणाऱ्या बसचा धक्का तो पेलणार नव्हता, आणि हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता. शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता. पुरातत्त्वाच्या परवानगीच्या घोळात त्याचं काम कित्येक महिने अडकलेलं. दुर्घटनेनंतर मात्र हालचाल झाली आणि २०१९ मध्ये नवा पूल वापरात आला.

गतिरोधकांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अपघात झाला की लोकांची पहिली मागणी तीच असते आणि दुसऱ्या दिवशी डांबराचा ढीग पडलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. गोलाई इतकी सौम्य, की पंचवीसच्या वेगानं गेलेल्याला फक्त हलकंसं उचलल्यासारखं वाटावं. आधी फलक, वर पांढरे पट्टे. आपल्याकडचा बहुतेक गतिरोधक वीतभर रुंद आणि तेवढाच उंच असतो आणि रात्री दिसत नाही. त्यावरून डबलसीट चाललेली म्हातारी मागच्या मागं पडते. त्यापेक्षा शाळेसमोर किंवा बसस्थानकासमोर पादचाऱ्यांची पट्टीच फूटपाथाच्या उंचीला उचलून बांधली, तर एकाच कामात वेगही कमी होतो आणि ओलांडणारा माणूसही चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो.

हेल्मेटचा विषय कोल्हापुरात काढायचा म्हणजे वाद ओढवून घेणं. सक्तीची घोषणा झाली की विरोध ठरलेला. गावातल्या गावात कशाला, मान अवघडते, ठेवायचं कुठं, हे मुद्दे दर वेळी येतात आणि 'हायवेला घालतोच की' हेही येतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर गेलेल्यांपैकी जवळजवळ साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते आणि हेल्मेट न घातलेले मृत पन्नास हजारांवर. हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून काढलेलं अनुमान आहे. शहरातला वेग कमी म्हणून डोकं वाचतं हा समज चुकीचा आहे. दीड मीटर उंचीवरून डांबरावर आपटणारी कवटी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगानं आपटते. गाडी उभी असली तरी. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. खड्डा बुजवायचा नाही, कोपरा मोकळा करायचा नाही, आणि पावतीपुस्तक घेऊन फक्त हेल्मेट तपासायचं, याला रस्ता सुरक्षा म्हणता येत नाही.

दहावी-अकरावीतल्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्या पालकांना बहुधा ठाऊक नसतं, की २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९९ अ प्रमाणे मुलाच्या अपघाताला पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. क्लासला उशीर होतो म्हणून गाडी दिली, हे उत्तर कोर्टात चालत नाही.

अपघात झाल्यावरच्या पहिल्या तासात किती माणसं वाचतात ते गर्दीतल्या पहिल्या माणसावर अवलंबून असतं. शाहूपुरीतून सीपीआर रुग्णालय फार लांब नाही, १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण गर्दी अजून "पोलीस येऊ देत" म्हणत उभी राहते. ही भीती आता निराधार आहे. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि पुढं कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेप्रमाणे जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. दुचाकीवरून पडलेल्याला रिक्षात दुमडून घालू नये, मान हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये, एवढं तरी चौकातल्या पानपट्टीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना शिकवता येण्यासारखं आहे. तेच आधी पोचतात.

मग पेठेतला धोका वाढतोय की घटतोय हे ओळखायचं कसं? मृत्यूंची वाट न बघता. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या वाहतूक अभ्यासकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत एक पद्धत बसवली. चौकात माणसं बसवायची आणि धडक न मोजता थोडक्यात चुकलेल्या धडका मोजायच्या: करकचून ब्रेक, ऐन वेळी वळवलेलं हँडल, मागं उडी मारणारा पादचारी. एका मृत्यूमागं असे प्रसंग हजारोंनी घडून गेलेले असतात, त्यामुळं दोन-तीन दिवसांच्या मोजणीतही चौकाची प्रकृती कळते. कोपरा मोकळा करण्याआधी आणि नंतर मोजलं, की उपाय लागू पडला का हे कळायला तीन वर्षं थांबावं लागत नाही. दुसरा, अगदीच देशी मार्ग म्हणजे स्पेअरपार्टच्या दुकानात महिन्याला किती आरसे आणि इंडिकेटर खपतात ते विचारायचं. शास्त्रीय नाही, पण जागेवर मिटलेल्या अपघातांची तेवढीच एक वही आहे.

वेग मोजायला तर यंत्रही लागत नाही. सकाळी रस्ता मोकळा असताना कडेला चुन्यानं दोन रेघा माराव्यात, मधलं अंतर टेपनं मोजून बरोबर वीस मीटर. मग दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवरचं घड्याळ पहिल्या रेघेला चालू, दुसऱ्या रेघेला बंद. २.४ सेकंद लागले तर वेग ताशी ३०. दोन सेकंद लागले तर ३६. दीड सेकंदाच्या आत रेघ ओलांडणारा अठ्ठेचाळीसच्या पुढं आहे. शंभर गाड्या मोजायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. सकाळ, दुपार, रात्री नऊनंतर असे तीन तास. बाजाराचा दिवस आणि रविवार वेगळे. नंबरप्लेट टिपायची नाही, फक्त सेकंद. कॉलेजच्या मुलांचा एक गट हे एका आठवड्यात करेल, आणि वॉर्डाच्या पुढच्या बैठकीत "लई फास्ट जात्यात" या तक्रारीऐवजी कागदावर एक सरासरी ठेवता येईल.